हिरव्या खड्याचं लॉकेट

'स्मॉलव्हिल' या मालिकेचा पहिला भाग अमेरिकेत 'डब्ल्यूबी' वाहिनीवर १६ ऑक्टोबर २००१ रोजी दाखवला गेला. कॅन्ससमधलं एक छोटं गाव, तिथली शाळा. क्लार्क केंट नावाचा मुलगा लाना लँगच्या दिशेनं निघतो आणि तिच्यापासून काही पावलांवर असताना धडपडून खाली पडतो. हे रोजचंच आहे. त्याचे मित्र त्यावर पैजा लावतात. सगळ्यांना वाटतं, आवडती मुलगी दिसली की बिचाऱ्याचे पाय लटपटतात. खरं कारण लानाच्या गळ्यात आहे. तिच्या लॉकेटमध्ये एक हिरवा खडा आहे. तिच्या आईवडिलांचा जीव घेणाऱ्या उल्केचा तो तुकडा. त्याच उल्कावर्षावात क्लार्कचं यान पृथ्वीवर उतरलं होतं. खडा म्हणजे अर्थातच क्रिप्टोनाइट, सुपरमॅनचा हातपाय गाळणारा एकमेव दगड.

पौगंडावस्थेतलं प्रेम आणि धोकादायक शक्ती यांची इतकी नेटकी मोट क्वचितच कुणी बांधली असेल. पण हा खडा लानाच्या गळ्यात पोहोचायला साठेक वर्षं लागली. त्या प्रवासात अमेरिकन सुपरहिरोच्या गोष्टींनी एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: ज्याच्या हातात प्रचंड ताकद आहे, त्यानं प्रेमात पडावं का? मला त्याच्या शेजारचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. या गोष्टींमध्ये मुलीला धोका नेमका कशाचा असतो, शक्तीचा की ती बाळगणाऱ्याचा?

सुरुवात एका खऱ्याखुऱ्या शाळेपासून करावी लागते. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलंडच्या ग्लेनव्हिल हायस्कूलमधले दोस्त. दोघंही लाजाळू, दोघंही विज्ञानकथांच्या मासिकांत बुडालेले. सीगलनं पुढे मुलाखतींमध्ये सांगितलं आहे, की शाळेत त्याला काही मुली आवडायच्या, पण त्यांच्या लेखी तो नव्हताच. आपल्यात काही अचाट असतं तर त्यांनी वळून पाहिलं असतं का, या विचारातून सुपरमॅनची एक बाजू घडली. लोइस लेनचं चित्र काढण्यासाठी शुस्टरनं जोअ‍ॅन कार्टर नावाच्या तरुण मुलीला मॉडेल म्हणून बोलावलं होतं. १९४८ साली तिचं सीगलशी लग्न झालं. म्हणजे अमेरिकेतल्या या सर्वांत बलदंड नायकाच्या मुळाशी दुर्लक्षित राहिलेला एक शाळकरी मुलगा आहे. १९३८ साली दोघांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले, हा कडू भाग वेगळाच.

या पहिल्या सुपरमॅनची शक्ती लोइससाठी धोकादायक नव्हती. तो तिला झेलायचा, उचलून न्यायचा, आणि तिला खरचटायचंही नाही. क्लार्कला लोइस हवी, लोइसला सुपरमॅन हवा, आणि दोघं एकच आहेत हे फक्त वाचकाला ठाऊक. इथे जे काही पणाला लागलं होतं ते फक्त गुपित. पुढच्या काही वर्षांत 'स्मॉलव्हिल'ला लागणारं बाकीचं सामान सुटं सुटं जमत गेलं. क्रिप्टोनाइट १९४३ साली रेडिओवरच्या सुपरमॅन मालिकेत आलं, आणि कॉमिक्समध्ये १९४९ साली. सीगलनं सुचवलेली 'सुपरबॉय'ची कल्पना प्रकाशकांनी आधी नाकारली, आणि तो सैन्यात असताना त्याला न विचारताच वापरली; सुपरबॉय १९४५च्या पहिल्या अंकात अवतरला. १९५० साली त्याच्या गावात लाना लँग राहायला आली. ही लाना सुपरबॉयचं बिंग फोडायला टपलेली, चौकस शेजारीण होती. तिच्या गळ्यात अजून काही नव्हतं.

खरा बदल घडला तो प्रेमकथांच्या बाजूनं. १९४७ साली जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी 'यंग रोमान्स' हे कॉमिक सुरू केलं. युद्ध संपलं होतं, सुपरहिरोंचा खप ओसरत होता, आणि 'टीनएजर' नावाचा नवा गिऱ्हाईक खिशात थोडे पैसे घेऊन दुकानात येऊ लागला होता. हे मासिक तडाखेबंद खपलं आणि त्याच्या मागे तशाच मासिकांची रांग लागली. अश्रू, मत्सर, चुकलेली पत्रं, बोलायचं राहून गेलेलं वाक्य, हे सगळं चौकटीत कसं मांडायचं हे अमेरिकन कॉमिक्स तिथे शिकलं. साठच्या दशकात मार्व्हलचे सुपरहिरो घडवणाऱ्यांत हीच मंडळी होती. कर्बी 'एक्स-मेन' काढत होता. स्टॅन लीनं मुलींसाठीच्या कॉमिक्सच्या ढीगभर संहिता लिहिल्या होत्या. आणि १९६६ साली 'स्पायडरमॅन' हाती घेणारा जॉन रोमिटा त्याआधी अनेक वर्षं प्रेमकथाच रेखाटत होता. मुखवट्याखालचा पीटर पार्कर त्याच्या हाती देखणा झाला, तो त्यामुळेच.

'एक्स-मेन' सप्टेंबर १९६३मध्ये आलं. त्यातल्या स्कॉट समर्सच्या डोळ्यांतून विध्वंसक किरण बाहेर पडतात आणि त्यांच्यावर त्याचा ताबा नाही. लाल स्फटिकाच्या काचेआडूनच तो जगाकडे पाहू शकतो. त्याला जीन ग्रे आवडते. पण जिच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर ती मरेल, तिला हे सांगायचं कसं, या विचारानं तो गप्प राहतो. आवडत्या मुलीकडे नुसतं बघणंसुद्धा गुन्हा वाटायचं ते वय. त्या वयाची चोरटी नजर इथे अक्षरशः शस्त्र झाली. शक्ती ही आता मुलीला भारावून टाकायची गोष्ट राहिली नाही. ती मुलीपासून लपवायची, आवरायची गोष्ट झाली.

तरी तोवर मेलं कुणी नव्हतं. जून १९७३च्या 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२१व्या अंकात ते घडलं. ग्रीन गॉब्लिन ग्वेन स्टेसीला पुलावरून खाली ढकलतो. स्पायडरमॅन जाळं फेकून तिला झेलतो, 'वाचवलं' म्हणून स्वतःवर खूश होतो, आणि वर ओढून घेतो तेव्हा ती मेलेली असते. जाळं तिला धरतं त्या चौकटीत तिच्या मानेपाशी 'स्नॅप' असा बारीकसा आवाज छापलेला आहे. हा अंक लिहिणारा जेरी कॉनवे तेव्हा जेमतेम विशीत होता. पुढे १२५व्या अंकाच्या पत्रव्यवहारात संपादकांनी मान्यच केलं, की जाळ्यानं एकदम थांबवल्यामुळे बसलेल्या हिसक्यानं ती मेली.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकलेल्या कुणालाही हे गणित करून पाहण्याचा मोह होतो. समजा, ती ९० मीटर खाली आली. हवेचा विरोध सोडून दिला तर तोवर वेग सेकंदाला ४२ मीटर झाला. जाळ्यानं तिला अर्ध्या सेकंदात थांबवलं, तर शरीरावर तिच्या वजनाच्या जवळपास साडेनऊपट ओढ बसते. तेच थांबवणं दोन सेकंदांवर पसरलं असतं तर ती तीनपटीच्या आसपास राहिली असती. जेम्स काकालिओस या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं २००५ सालच्या 'द फिजिक्स ऑफ सुपरहिरोज' या पुस्तकात हा प्रसंग असाच सोडवून दाखवला आहे. निष्कर्ष साधा आहे. पीटरकडे ताकद भरपूर होती आणि हेतूही चांगला होता. तेवढ्यानं भागत नाही. समोरच्या शरीराला काय सोसवेल, हा हिशेब वेगळा करावा लागतो.

आणि मुलीकडेच शक्ती असेल तर? १९८१ साली क्रिस क्लेअरमाँट आणि मायकल गोल्डन यांनी 'रोग' ही व्यक्तिरेखा आणली. तिच्या त्वचेचा स्पर्श झाला की समोरच्याची ताकद, आठवणी, शुद्ध सगळं तिच्यात ओढलं जातं. तिची गोष्ट १९९२ साली सुरू झालेल्या टीव्हीवरच्या कार्टूनमालिकेतून आणि २०००च्या सिनेमातून घरोघरी पोहोचली: पहिलं चुंबन, आणि मुलगा बेशुद्ध. इथे स्कॉट आणि रोग यांच्यातला फरक बघण्यासारखा आहे. स्कॉटला चष्मा पुरतो. त्याचा धोका डोळ्यांपुरता. रोगचं अख्खं शरीर धोकादायक ठरतं, ती हातमोजे घालून अंग झाकून घेते. वयात आलेल्या मुलीला घरातून मिळणाऱ्या सूचनांशी हे इतकं जुळतं, की रूपक म्हणायलाही संकोच वाटावा.

एवढी शिदोरी घेऊन अल्फ्रेड गॉफ आणि माइल्स मिलर यांनी 'स्मॉलव्हिल' रचली. डब्ल्यूबी ही 'डॉसन्स क्रीक'वाली, तरुणांची वाहिनी. मालिका मंगळवारी 'गिलमोर गर्ल्स'नंतर लागायची. लेखकांचा नियम होता: घट्ट पोशाख नाही, उडणं नाही. मग उरलं काय? शाळा, घर, आणि अंगात होणारे बदल. दुसऱ्या सीझनच्या 'हीट' या भागात लैंगिक शिक्षणाच्या तासाला क्लार्कच्या डोळ्यांतून आग निघते आणि पडदा पेटतो. बाप मुलाला शेतात बुजगावण्यासमोर उभा करून ताबा ठेवायला शिकवतो. हसू येतं, पण 'हे तुझ्या अंगात आहे, ते सांभाळणं तुझं काम आहे' असं मुलाला स्पष्ट सांगणारा बाप पडद्यावर फारसा दिसत नाही.

या मालिकेतलं मला सर्वांत अस्वस्थ करणारं पात्र दुसऱ्याच भागात येतं. ग्रेग आर्किन हा कीटक गोळा करणारा एकलकोंडा मुलगा. उल्केच्या खड्यांनी बाधलेले किडे त्याला चावतात आणि त्याच्यात किड्यांची ताकद येते. त्याचं लानावर प्रेम आहे. तो लपून तिचं चित्रण करतो, आणि शेवटी तिला पळवून नेऊन कोशात गुंडाळतो. पहिल्या सीझनमध्ये असे बरेच येतात: कुणी नाकारलेला, कुणी झुरणारा, आणि प्रत्येकाच्या विकृतीचं खापर हिरव्या खड्यावर. पण ग्रेगचा कॅमेरा खडा चावण्याआधीपासून चालू होता. आणि आपला नायक? त्याच्या गोठ्याच्या माळ्यावर दुर्बीण आहे, आणि ती बऱ्याचदा ताऱ्यांऐवजी लानाच्या घराकडे वळलेली असते. एकाला मालिका राक्षस म्हणते, दुसऱ्याला प्रेमिक.

आपल्या वर्तमानपत्रांतही असा एक हिरवा खडा आहे. 'एकतर्फी प्रेमातून हल्ला' या मथळ्यात हल्ला करणारा दिसतच नाही. हल्ला जणू प्रेमानंच केलेला असतो. शक्ती, खडा, प्रेम, काहीही म्हणा. करणाऱ्याचं नाव तेवढं वाक्यातून गळतं.

क्लार्क ग्रेगसारखा हिंसक नाही, पण वर्षानुवर्षं तो लानाच्या वतीनं निर्णय घेतो. तिला सत्य कळलं तर तिच्या जिवाला धोका, म्हणून तिच्याशी खोटं बोलायचं. जानेवारी २००६मध्ये दाखवलेल्या 'रेकनिंग' या शंभराव्या भागात तो अखेर तिला सगळं सांगतो, लग्नाची मागणी घालतो, ती होकारही देते. त्याच रात्री ती अपघातात मरते. क्लार्क काळ मागे फिरवतो, आणि दुसऱ्या खेपेला काहीच सांगत नाही. ती जगते. पण तिनं दिलेला होकार त्या पुसलेल्या दिवसाबरोबर गेला, आणि आपण तो दिला होता हेही तिला माहीत नाही. पीटरच्या जाळ्यासारखंच हे: झेलणाऱ्याचा हेतू चांगला, हिसका मात्र झेललेलीला बसलेला.

मालिका पुढे बरीच भरकटली, पण ही एक गाठ तिनं सोडवली. फेब्रुवारी २००९च्या 'रेक्विएम' या भागात लानाकडे स्वतःची शक्ती आहे. अंगात मुरलेल्या एका कवचामुळे ती क्लार्कइतकीच बलवान झाली आहे. शहर उद्ध्वस्त करायला निघालेल्या बॉम्बमधलं क्रिप्टोनाइट ती स्वतःच्या शरीरात शोषून घेते. परिणाम काय होणार हे तिला पक्कं ठाऊक असतं. त्यानंतर क्लार्क तिच्याजवळ उभाही राहू शकत नाही. पहिल्या भागात गळ्यात असलेला खडा आता तिच्या रक्तात आहे. तेव्हा तो तिला वारसा म्हणून मिळाला होता आणि त्यानं काय होतं याचा तिला पत्ता नव्हता. या वेळी सगळं माहीत असून तिनं तो घेतला. कुणी तिच्यापासून काही लपवलं नव्हतं, आणि निर्णय तिचा होता.

दोघं वेगळे होतात, आणि क्लार्क पुन्हा पाय लटपटत खाली बसतो. त्याचा गुडघा वाकतो ते बघून या वेळी पैज लावायला कुणी नसतं.