डब्यावरचा पत्ता

धामणगाव बढे हे बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातले गाव. तिथल्या एका शिक्षक मित्राकडे आम्ही पोचलो तो नेमका त्यांच्या घराचा माळा साफ करण्याचा दिवस होता. वरून खाली आली ती डब्यांची फौजच. रॉकेलचा चौकोनी पिपा, कडीचा पितळी पानाचा डबा, आतल्या बाजूला आरसा असलेली लाकडी फणीपेटी, पत्र्याची ट्रंक आणि चित्रे छापलेले चहा-बिस्किटांचे चारपाच डबे. भंगारवाला दारात उभा होता. मित्राची मुलगी पुण्यात शिकते. ती मात्र एकही डबा द्यायला तयार नव्हती. असले डबे तिकडे लोक पैसे मोजून विकत घेतात आणि बैठकीत मांडून ठेवतात, असे तिचे म्हणणे.

आम्हीही उत्साहाने मदतीला लागलो. चहाच्या एका डब्याचा तळाकडचा भाग गंजला होता. तारेची घासणी आणि ओली राख घेऊन आम्ही तो चांगला खसखसून घासला. गंज गेला, आणि त्याच्याबरोबर छापील पत्त्याची शेवटची ओळही गेली. 'अकोला' एवढे शिल्लक राहिले. त्यापुढे जे काही होते ते आता कोणालाच वाचता येणार नाही.

गेले ते काय होते, हे जरा विस्ताराने सांगायला हवे. वऱ्हाडातल्या गावाचा पत्ता म्हणजे घड्याळच असते. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला आणि पुढे पत्त्यांवर 'सी. पी. अँड बेरार' असे लिहिले जाऊ लागले. २६ जानेवारी १९५० पासून या प्रांताचे नाव मध्यप्रदेश झाले आणि राजधानी नागपूरच राहिली. म्हणजे अकोल्याच्या पत्त्यापुढे 'म. प्र.' दिसले, तर ती चूक समजू नये; तो डबा १९५० ते १९५६ मधला मानावा. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. एका माणसाने जागचे न हलता साठ वर्षांत चार पत्ते लिहिले, असे इथे सहज घडले असेल!

डब्यावर आणखीही खुणा असतात. वजन पौंडात असेल तर डबा बहुधा १९६० च्या आसपासचा किंवा त्याआधीचा, कारण १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. किंमत आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. 'नवे पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ मधला. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. मात्र जुने छापील पत्रे संपेपर्यंत कारखानदार तेच वापरत असणार, तेव्हा वर्षा-दोन वर्षांची सूट ठेवावी. इतिहासाच्या तासाला मुलांना घरचे डबे आणायला सांगून हा उद्योग करून पाहण्यासारखा आहे.

आता गंजाकडे वळू. पत्र्याच्या डब्याला लोहचुंबक लावून पाहा, तो चिकटतो. ज्याला आपण 'टिनचा डबा' म्हणतो त्यात टिन, म्हणजे कथील, नावापुरतेच असते. आत सगळे लोखंड आणि त्यावर कथलाचा अतिशय पातळ थर. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे पूर्वी पत्रे वितळलेल्या कथलात बुडवूनच काढीत. पितळी भांड्याला नवसागर लावून कल्हई करतात, तीही याच धातूची. थर अखंड आहे तोवर लोखंडाला हवा-पाणी लागत नाही. पण ओरखडा पडला की गोष्ट उलटते. कथील लोखंडापेक्षा कमी क्रियाशील, म्हणून ओल मिळताच त्या जागी विद्युतघट तयार होतो आणि लोखंड एरवीपेक्षा लवकर झिजते. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीचे तसे नसते. तिथे जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते.

वर्गात दाखवायचे असेल तर तीन स्वच्छ खिळे घ्या. एकाला तांब्याची तार गुंडाळा (कथलाची मिळणे अवघड, आणि तांबेही लोखंडापेक्षा कमी क्रियाशीलच), दुसऱ्याला जस्ताची पट्टी घट्ट बांधा, तिसरा तसाच ठेवा. तिन्ही वेगवेगळ्या पेल्यांत मिठाच्या पाण्यात ठेवून दोन दिवसांनी पाहा. आम्ही डबा घासताना त्यावर शेकडो ओरखडे पाडले, म्हणजे गंज काढण्याच्या नावाखाली पुढच्या गंजाची सोय करून ठेवली, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

रॉकेलच्या पिप्याबद्दल दोन शब्द. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी रॉकेल अशा चौकोनी पिप्यांतून, एका लाकडी खोक्यात दोन या हिशेबाने, जहाजांनी येई. मुंबईहून नागपूरला जाणारी रेल्वे १८६७ मध्ये पूर्ण झाली आणि ती मलकापुरावरूनच जाते. तेव्हा वऱ्हाडात असा माल पोचणे सोपे झाले. पिप्यात चार गॅलन, म्हणजे सुमारे १८ लिटर तेल मावे. रिकामा पिपा कोणी टाकत नसे. त्याच्या चिमण्या, नरसाळी, मापे, धान्याचे डबे होत. पुढे १९३७ पासून बाजारात आलेल्या डालड्याच्या पिवळ्या डब्याचेही तेच झाले. कितीतरी अंगणांतली तुळस त्यात वाढली.

असल्या रोजच्या वस्तूंना मोल आहे, हे फार थोड्यांना वेळेवर कळले. पुण्याचे दिनकर केळकर (१८९६–१९९०) त्यांपैकी एक. १९२० च्या सुमारास त्यांनी दिवे, अडकित्ते, पेट्या असल्या घरगुती वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि सुमारे २० हजार वस्तूंचा संग्रह उभा केला. दिवंगत मुलाच्या नावाने ते संग्रहालय आजही पुण्यात आहे.

मुलीला आम्ही इतकेच सांगितले: छापील डबा कोरड्या मऊ फडक्याने किंवा कुंचल्याने पुसावा, उन्हात मांडू नये, आणि पितळी डब्याला रोज चिंच लावू नये. आंबटाने पितळेतले जस्त विरघळू लागते आणि डाग तांबूस दिसतात. चिवडा-लाडू भरून तर मुळीच ठेवू नयेत. जुन्या डब्यांच्या सांध्यांना लावलेल्या डाखात शिसे असे आणि जुन्या रंगांतही ते पुष्कळदा सापडते.

राहिला तो अकोल्याचा डबा. झाकणावर 'एक पौंड' असे उठावात होते, म्हणजे ढोबळ काळ कळला; पण १९५० च्या आधीचा की नंतरचा, हे आमच्याच हाताने पुसले गेले होते. आमचा वाद ऐकत मित्राच्या आई ओसरीवर बसल्या होत्या. वय नव्वदीला टेकलेले. त्यांनी डबा मागून घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "हा तर सासूबाईचा. गांधीबाबा गेले त्या साली माहं लगन झालं. मी आली तवा याच्यात हळद होती, अन् डबा तवाही जुनाच होता."

म्हणजे १९४८ च्या आधीचा. पुसलेल्या ओळीत 'बेरार'च असणार. आईंना आधी विचारायचे आमच्या डोक्यात कसे आले नाही, कोण जाणे. मुलीने त्यांचे बोलणे, त्या दिवसाच्या तारखेसह, कागदावर लिहिले आणि कागद घडी करून त्याच डब्यात ठेवला.