आमदारांचे वेतन, निवृत्तिवेतन आणि जनरोष (बुटीबोरी–नागपूर)

आमदार-खासदारांचा पगार, पेन्शन, सवलती आणि त्यांनी दिलेला शब्द यांबद्दल सर्वसामान्यांच्या मनात राग साचला आहे. हा राग महाराष्ट्रभर आहे. पण नागपूरच्या दक्षिणेला सुमारे 30 किलोमीटरवर, वर्धा मार्गावर वसलेल्या बुटीबोरीत तो विशेष स्पष्ट दिसतो. एकीकडे मोठी एमआयडीसी आणि तिच्यातला कंत्राटी व कायम कामगार, दुसरीकडे कापूस-सोयाबीन पिकवणारी गावे, आणि उत्तरेला तासाभराच्या वाटेवर नागपुरात एरवी हिवाळ्यात भरणारे विधिमंडळ, अशी ही तिहेरी जागा आहे. प्रशासकीयदृष्ट्या बुटीबोरी नागपूर ग्रामीण तालुक्यात आणि हिंगणा विधानसभा मतदारसंघात येते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 195 प्रमाणे आमदारांचे वेतन-भत्ते विधिमंडळ स्वतःच कायद्याने ठरवते. महाराष्ट्रात वेतनाचा कायदा 1956 चा आणि निवृत्तिवेतनाचा 1976 चा. या दोन्ही कायद्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. सर्वांत जास्त ओरड झाली ती ऑगस्ट 2016 च्या दुरुस्तीवर. पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, चर्चा न होता, विधेयक मंजूर झाले. आमदाराचे मूळ वेतन प्रधान सचिवाच्या मूळ वेतनाशी जोडले गेले आणि हाती पडणारी रक्कम सुमारे 75 हजारांवरून दीड लाखाच्या पुढे गेली. माजी आमदाराची पेन्शन 40 हजारांवरून 50 हजार झाली. पाच वर्षांच्या वर जितकी वर्षे सदस्यत्व, तितके दरमहा दोन-दोन हजार अधिक. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुष्काळामुळे लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे पक्ष वेतनवाढीच्या या एका विषयावर एकमुखी झाले, ही गोष्ट लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही. ‘सगळे एकाच माळेचे मणी’ असे पानठेल्यावर म्हटले जाते, त्यामागे हा अनुभव आहे.

या वाढींची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. विधानसभेचे 288 आणि परिषदेचे 78 मिळून 366 सदस्य. त्यांचा पगार राज्याच्या एकूण खर्चात फार मोठा आकडा नव्हे. आमदाराच्या दारात सकाळपासून माणसे असतात, दवाखाना, लग्न, मयत, मुलाचा प्रवेश, सगळ्यासाठी त्याच्याकडेच धाव घेतली जाते. प्रतिनिधीला पगार नसेल तर राजकारण फक्त श्रीमंतांचे उरेल, हा जुना युक्तिवादही खोटा नाही. एप्रिल 2020 मध्ये करोनाच्या काळात राज्य मंत्रिमंडळाने आमदारांच्या वेतनात वर्षभरासाठी 30 टक्के कपात केली, तेव्हा कुणी आमदार उपाशी राहिल्याचे ऐकिवात नाही, पण कपात झाली हेही खरे. राग रकमेपेक्षा पद्धतीवर आहे. स्वतःचा दर स्वतः ठरवायचा, तोही घाईत, आणि कामगार, शिक्षक, शेतकरी यांच्या मागणीला मात्र तिजोरीतला खडखडाट दाखवायचा, हे लोकांना सहन होत नाही.

बुटीबोरीच्या कारखान्यांत हा हिशेब कागदावर मांडता येतो. खासगी कारखान्यातल्या कामगाराला निवृत्तीनंतर मिळते ती ईपीएस-95, म्हणजे 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू झालेली कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या 8.33 टक्के त्यात जातात, पण 2014 साली ठरलेल्या 15 हजारांच्या मर्यादेपर्यंतच. सूत्र असे : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले 70. वीस वर्षे किंवा अधिक नोकरी असेल तर दोन वर्षे वाढीव धरतात. समजा, 2015 साली लागलेला कामगार तीस वर्षे शिफ्ट करून निवृत्त झाला आणि मर्यादा तीच राहिली, तर 15,000 गुणिले 32 भागिले 70, म्हणजे 6,857 रुपये. एवढी वर्षे यंत्रापुढे काढल्यावर मिळणारी ही रक्कम, आणि ती कायम नोकरी टिकली तर. 1 सप्टेंबर 2014 पासून योजनेतली किमान पेन्शन दरमहा एक हजार रुपये ठरली. पाच वर्षांची एक टर्म पूर्ण केलेल्या माजी आमदाराला 50 हजार, तीन टर्म केलेल्याला 70 हजार. त्यासाठी त्याने पगारातून वर्गणी भरलेली नसते. माजी खासदार असेल तर ती पेन्शन वेगळी. हा हिशेब करायला कुणा अर्थतज्ज्ञाची गरज पडत नाही, पीएफ कार्यालयाच्या रांगेत उभा असलेला माणूस तो तोंडी सांगतो. ईपीएस-95 च्या पेन्शनरांचे साखळी उपोषण बुलढाण्यात 24 डिसेंबर 2018 पासून सुरू झाले; कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय संघर्ष समितीची मागणी किमान साडेसात हजार आणि महागाई भत्त्याची आहे.

सरकारी कर्मचाऱ्यांचा राग याच मुळातून आलेला. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन राज्याने बंद केली. आमदारांची सुरूच राहिली. डिसेंबर 2022 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी योजना आणल्यास राज्यावर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल असे सांगितले. तिजोरीच्या दृष्टीने ही भीती अनाठायी नव्हती. पण आमदारांची पेन्शन सुरूच होती, आणि 14 ते 20 मार्च 2023 च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेसोबत आमदारांच्या पेन्शनचा उल्लेख जागोजाग झाला. त्या संपावर उलटा रागही निघाला : पगार घेणाऱ्यांना पुन्हा पेन्शन कशाला, असे बेरोजगार तरुण विचारू लागले. बुटीबोरीसारख्या ठिकाणी, जिथे कंत्राटदाराकडे रोजंदारीवर काम करणाऱ्याला पेन्शन या शब्दाशीच घेणेदेणे नाही, तो प्रश्न जास्त टोकदार होता.

सवलतींची यादी लांब आहे आणि तिच्यातली प्रत्येक बाब जनतेला सारखी खुपत नाही. मार्च 2022 मध्ये आमदारांचा स्थानिक विकास निधी चार कोटींवरून पाच कोटी झाला, स्वीय सहायक आणि वाहनचालकाचा पगार वाढला. त्यावर फार बोलले गेले नाही. त्याच महिन्यात तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मुंबईत गोरेगावला 300 आमदारांसाठी घरांची घोषणा केली, तेव्हा मात्र गहजब झाला. घरे फुकट नाहीत, किंमत घेऊनच दिली जातील, असा खुलासा तत्कालीन गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांना करावा लागला. मनसेचे तेव्हाचे एकुलते आमदार राजू पाटील यांनी उघड विरोध केला. एसटीच्या बसमध्ये विधिमंडळ सदस्यांसाठी राखीव आसने असतात. वर्धा, हिंगणघाट, चंद्रपूरकडे जाणाऱ्या गाड्यांत त्या आसनांवर शाळकरी मुले आणि भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया बसतात; तिथे आमदार दिसल्याचे फारसे कुणाला आठवत नाही. सांगोल्याहून अकरा वेळा निवडून आलेले शेकापचे गणपतराव देशमुख (मृत्यू 30 जुलै 2021) एसटीने प्रवास करीत, म्हणून आजही साधेपणाचे माप म्हणून त्यांचेच नाव निघते. नागपुरातून 1957 साली विधानसभेवर गेलेले ए. बी. बर्धन हे दुसरे नाव. दोन्ही नावे मागच्या पिढ्यांची आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

प्रामाणिकपणाच्या प्रश्नात नागपूर जिल्ह्याला सर्वांत खोल जखम झाली ती जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या प्रकरणात. 2002 साली उघडकीस आलेल्या या घोटाळ्यात सुमारे 150 कोटींचा निधी सरकारी रोख्यांच्या नावाखाली दलालांमार्फत गुंतवला गेला. रोखे आलेच नाहीत. बँक डबघाईला आली आणि तिच्यावर पीककर्जासाठी विसंबलेला शेतकरी सावकाराच्या दारात गेला. तत्कालीन अध्यक्ष आणि पुढे मंत्री झालेले सावनेरचे आमदार सुनील केदार यांना नागपूरच्या न्यायालयाने 22 डिसेंबर 2023 रोजी पाच वर्षांची सक्तमजुरी आणि साडेबारा लाख रुपये दंड सुनावला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या लिली थॉमस निकालामुळे त्यांचे सदस्यत्व लगेच गेले. जानेवारी 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. गुन्हा उघड होणे आणि पहिला निकाल यांत एकवीस वर्षे गेली. या एकवीस वर्षांत ते पुन्हा पुन्हा निवडून आले, मंत्रीही झाले. मतदारांचा राग आणि मतदारांचे मत या दोन गोष्टी वेगळ्या चालतात, याचा हा पुरावा आहे, आणि त्याची जबाबदारी केवळ पुढाऱ्यांवर टाकून चालणार नाही.

बुटीबोरीतल्या माणसाला रोज दिसणारी खूण म्हणजे महामार्गावरचा उड्डाणपूल. 2021 साली खुला झालेला हा पूल डिसेंबर 2024 मध्ये वाहतुकीसाठी बंद करावा लागला आणि ट्रक, कामगारांच्या बसगाड्या, दुचाक्या पुन्हा खालच्या चौकात अडकल्या. पूल कुणामुळे बिघडला हे ठरवणे अभियंत्यांचे काम; पण साडेतीन वर्षांत पूल बंद पडतो आणि कुणीही लोकप्रतिनिधी चौकात उभा राहून उत्तर देत नाही, एवढे लोकांना पुरते.

दिलेल्या शब्दाचा प्रश्न ऑक्टोबर 2025 मध्ये याच रस्त्यावर आला. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने शेतकऱ्यांना कर्जमाफीचे आश्वासन दिले होते. मार्च 2025 मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी 31 मार्चपूर्वी कर्जाचे हप्ते भरा, असे शेतकऱ्यांना सांगितले. त्यानंतर प्रहारचे नेते, माजी आमदार बच्चू कडू यांचा ट्रॅक्टर मोर्चा ‘सातबारा कोरा करा’ म्हणत वर्धा मार्गाने नागपूरकडे निघाला आणि 28 ऑक्टोबरला जामठ्याजवळ परसोडीच्या परिसरात शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला. वाहनांच्या लांबच लांब रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रस्ता मोकळा करण्याचा आदेश दिला. 30 तारखेला मुंबईतील बैठकीनंतर 30 जून 2026 पूर्वी कर्जमाफीचा निर्णय घेऊ, असे सरकारने जाहीर केले. स्वतःच्या वेतनवाढीचे विधेयक एका दिवसात मंजूर करणाऱ्या सभागृहाला या निर्णयासाठी समिती आणि आठ महिने लागतात, ही तुलना त्या रस्त्यावर बसलेल्यांनी केली तर ती रास्तच.

अन्यत्र यावर उपाय झाले आहेत. खर्चाच्या बिलांचा घोटाळा 2009 मध्ये गाजल्यावर ब्रिटनने खासदारांचे वेतन ठरवणे संसदेकडून काढून स्वतंत्र प्राधिकरणाकडे दिले. पंजाबने 2022 मध्ये ‘एक आमदार, एक पेन्शन’ लागू केले. तोवर तिथे प्रत्येक टर्मची पेन्शन वेगळी मिळे. केंद्राने 2018 च्या वित्त कायद्याने खासदारांची वाढ महागाई निर्देशांकाशी जोडली. त्यानुसार मार्च 2025 मध्ये वेतन एक लाखावरून 1 लाख 24 हजार झाले. माजी खासदारांच्या पेन्शनला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2018 मध्ये फेटाळले आणि हा विषय संसदेचा असल्याचे म्हटले. म्हणजे न्यायालयाचे दार बंद, उरतो तो सभागृहावरचा दबाव. अधिवेशनकाळात नागपूरच्या यशवंत स्टेडियमवरून निघून टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी पॉइंट अशा ठिकाणी अडवल्या जाणाऱ्या मोर्चांच्या निवेदनांत स्वतःची पेन्शन असते, मानधन असते, कर्जमाफी असते. आमदारांचे वेतन त्रयस्थ आयोगाने ठरवावे, प्रत्येक वाढीवर सभागृहात नावानिशी मतदान व्हावे, ही मागणी त्यांत सहसा नसते.