सब्ज्याचे बी आणि सब्ज्याचे पान



मागे लोणखेड्यातल्या एका बागायतदाराने विचारले, "साहेब, शहरातल्या हॉटेलांना बेसिल लागतं म्हणे. घरचा सब्जा पेरला तर चालेल का?" उत्तरासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

सब्जा आणि बेसिल ही एकाच जातीची झाडे. मूळ उष्ण प्रदेशातले हे झाड पश्चिमेकडे गेले. ग्रीकांनी त्याला 'राजाचे' अशा अर्थाचे नाव दिले, त्यावरूनच 'बेसिल' हा शब्द आला. १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 'ऑसिमम बॅसिलिकम' हे शास्त्रीय नाव ठरवले.

इटलीत लोकांनी त्याचे पान धरले. जिनोव्हा शहरात पान, लसूण, चीज आणि ऑलिव्ह तेल खलबत्त्यात कुटून चटणी करतात. तिला पेस्टो म्हणतात. तिची कृती तिथल्या १८६३ च्या पाकपुस्तकात छापलेली आहे. आपण मात्र बी धरले. फालुदा इराणकडून आला, त्यात भिजवलेला सब्जा रुळला. पानाची जागा आपल्या स्वयंपाकात कोथिंबिरीकडेच राहिली.

तुळस ही याच कुळातली, पण जात वेगळी. आपण ती नैवेद्यावर ठेवतो, काढ्यात घालतो. थायलंडात तीच मांसाबरोबर परततात. म्हणून तुळस बेसिल म्हणून विकू नका. ओळख सोपी आहे: तुळशीच्या देठावर लव असते, सब्ज्याचे पान मोठे व गुळगुळीत असते.

आता उत्तर. पिढ्यान्‌पिढ्या आपण बियांसाठी झाड राखले, त्यांनी पानासाठी. त्यामुळे वासात फरक पडला. हॉटेलला गोड वासाचे पान हवे असते, घरच्या सब्ज्यात तो वास मिळेलच असे नाही. म्हणून पानासाठी वेगळे बियाणे घ्या आणि तुरे दिसताच खुडा. बियांसाठी सब्जा लावला तर तुरे पिकू द्या. दोन्ही जवळजवळ फुलू दिले तर मधमाश्यांमुळे संकर होतो आणि पुढचे बी भेसळीचे निघते.

आणखी एक गोष्ट. हे पान नाजूक असते. फ्रिजच्या थंडीतही काळे पडते. म्हणून आधी गिऱ्हाईक पक्के करा, मगच एखादा वाफा लावून पाहा. बी टिकते, पान थांबत नाही.