पॅरासिटामॉलची विषबाधा
पॅरासिटामॉल (अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन) हे ताप व वेदनांवरील औषध अतिमात्रेत घेतल्याने होणाऱ्या विषबाधेत मुख्यतः यकृताला इजा होते. यकृतात बहुतांश औषधाचे निरुपद्रवी संयुगांत रूपांतर होऊन ते मूत्रावाटे बाहेर पडते. थोड्या भागापासून एनएपीक्यूआय हे विषारी द्रव्य तयार होते व ग्लुटाथायोन ते निष्प्रभ करते. अतिमात्रेत ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृतपेशी मरू लागतात.

पहिल्या २४ तासांत मळमळ व उलट्या एवढाच त्रास होतो. पुष्कळदा तोही नसतो. रुग्ण बरा दिसतो म्हणून त्याला घरी पाठवणे घातक ठरू शकते. उजव्या बरगड्यांखालील दुखणे, कावीळ, रक्त गोठण्यातील बिघाड ही लक्षणे नंतरची. यकृताची हानी साधारणपणे ७२ ते ९६ तासांत कळस गाठते.

म्हणून उपचाराचा निर्णय लक्षणांवर सोडत नाहीत. औषध घेतल्यानंतर किमान चार तासांनी रक्तातील पातळी मोजून ती १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या रुमॅक-मॅथ्यू आलेखावर पडताळतात. त्याआधी शोषण चालू असल्याने पातळी फसवी असते. औषध घेतल्याची वेळ अज्ञात असल्यास किंवा गोळ्या अनेक तासांत विभागून घेतल्या असल्यास हा आलेख लागू पडत नाही.

एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून काढतो. आठ तासांच्या आत सुरू केल्यास तो यकृताला जवळजवळ पूर्ण संरक्षण देतो. उशिरा आलेल्या रुग्णालाही तो उपयोगी पडतो. संशय दाट असून अहवालास विलंब होणार असेल, तर त्याची वाट न पाहता उतारा सुरू करतात. यकृत निकामी झाल्यास काही रुग्णांत प्रत्यारोपण हाच पर्याय राहतो.