किल्लारी भूकंपोत्तर समाजजीवन
लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (सध्याचा धाराशिव) या जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, झालेल्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व माळवदे (लाकडी तुळयांवर मातीचा थर दिलेली सपाट छपरे) कोसळून सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. जागतिक बँकेच्या साहाय्याने शासनाने ५२ गावे नव्या जागी वसविली, तर इतरत्र घरांची पुनर्बांधणी व मजबुतीकरण केले. या कामात गावोगावच्या स्त्रियांनी ‘संवाद सहायक’ म्हणून शासन व ग्रामस्थ यांच्यात दुवा साधला. नव्या जागी वसविलेल्या, रुंद, सरळ रस्त्यांच्या वसाहतींत गल्ली व वाडा यांभोवतीचा दाट शेजार विरळ झाला आणि शेतेही लांब पडली. तथापि रहिवाशांनी घरांना गरजेनुसार वाढीव बांधकामे जोडून गावपण पुन्हा घडविले.