सॉफ्ट रिलीज बटण: रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर त्याचा खरंच उपयोग होतो का?

इन्स्टाग्रामवर कुणी आपला लायका किंवा फुजीफिल्मचा एक्स१०० दाखवत असेल तर शटरवर एक छोटीशी लाल टिकली बऱ्याचदा दिसते. शर्टाच्या बटणाएवढी, पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची, मधोमध थोडी फुगीर नाहीतर खोलगट. हेच सॉफ्ट रिलीज बटण. साधं बटण ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं, नावाजलेल्या कंपनीचं हवं असेल तर हजारांत जातं. खुद्द लायकासुद्धा आपल्या नावाची अशी बटणं विकते.

यावर दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक गट म्हणतो, हे लावलं की हात हलत नाही. दुसरा म्हणतो, नुसती नटवी आहे. थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं: बोट ठेवायला सोय होते, मंद शटर स्पीडला काही जणांना फायदा होतो, पण नावात लिहिलंय तसं शटर काही "सॉफ्ट" होत नाही. आता सविस्तर बघू.

आधी रेंजफाइंडर म्हणजे काय?

मोबाईलमध्ये किंवा डीएसएलआरमध्ये आपण लेन्समधून आलेलंच चित्र बघतो. रेंजफाइंडरमध्ये तसं नसतं. वर एका कोपऱ्यात वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. चित्राच्या मध्यभागी एक फिकट चौकोन असतो आणि त्यात वस्तूची दुसरी प्रतिमा दिसते. लेन्सची रिंग फिरवून दोन्ही प्रतिमा एकमेकांवर आणल्या की फोकस झाला. १९५४ साली आलेला लायका एम३ हा यातला सगळ्यात प्रसिद्ध कॅमेरा. एम मालिका आजही चालू आहे, आता डिजिटल रूपात. जुन्या बाजारात जपानी यॅशिका इलेक्ट्रो ३५ आणि कॅननेट क्यूएल१७ जास्त दिसतात.

एक्स१०० हा दिसायला रेंजफाइंडरसारखा असला तरी त्यात ऑटोफोकस आहे, म्हणजे तो खरा रेंजफाइंडर नाही. पण बटणाचा प्रश्न त्यालाही तसाच लागू पडतो, म्हणून त्याला पंगतीत बसवून घेतोय.

हे बटण लागतं कुठे?

जुन्या कॅमेऱ्यांच्या शटर बटणाच्या मध्यभागी एक आटे असलेलं भोक असतं. ते मुळात केबल रिलीजसाठी. केबल रिलीज म्हणजे लवचिक नळीतली तार. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा आणि लांबून तार दाबायची, म्हणजे हात लागत नाही. हे आटे किंचित निमुळते असतात, खाली जाताना बारीक होणारे. सॉफ्ट रिलीज बटण त्याच भोकात बसतं. म्हणजे आपण केबलची जागा एका टोपीला देतो, इतकंच.

नावात सॉफ्ट, पण सॉफ्ट काय होतं?

इथे बारावीचं फिजिक्स पुरतं. शटर सुटायला किती जोर लागेल हे आतली स्प्रिंग ठरवते. बटण किती खाली गेल्यावर शटर सुटेल हे आतली यंत्रणा ठरवते. वर टोपी लावल्याने या दोन्हींत काडीचाही फरक पडत नाही. जोर तेवढाच, अंतरही तेवढंच. बदलतं ते क्षेत्रफळ. तोच जोर मोठ्या जागेवर पसरला की बोटाच्या त्वचेला दाब कमी जाणवतो. बोटाला मऊ लागतं, यंत्राला नाही.

शटर खरोखर मऊ करायचं तर आतून काहीतरी बदलावं लागतं. उदाहरण द्यायचं तर लायका एम९. त्याच्या शटर बटणाला तीन टप्पे आहेत: पहिल्यावर मीटर जागा होतो, दुसऱ्यावर एक्सपोजर लॉक होतं, तिसऱ्यावर फोटो निघतो. तिसऱ्या टप्प्याला एक खटका जाणवतो आणि तिथेच हात हलतो अशी लोकांची तक्रार. म्हणून मेनूमध्ये "सॉफ्ट" असा पर्याय दिलाय. तो निवडला की फोटो दुसऱ्या टप्प्यावरच निघतो. बदल्यात एक्सपोजर लॉक गमवावं लागतं. म्हणजे एम९ वापरणाऱ्याने आधी मेनू उघडावा, खरेदीची गाडी नंतर काढावी.

मग फायदा होतो तो कुठून?

फायदा बोटाच्या पद्धतीत आहे. लायका एमचं शटर बटण बसकं असतं आणि भोवती कडं असतं. त्यामुळे बोटाचं टोक वरून खाली खुपसावं लागतं, दाराची बेल दाबतो तसं. हा जोर कॅमेऱ्याच्या उजव्या टोकावर पडतो, लेन्सपासून काही सेंटिमीटर लांब. एका टोकावर वरून दाबलं की उजवी बाजू खाली जाते, तरफच आहे ती.

वर टोपी आली की बटण कड्याच्या वर येतं. आता बोट आडवं ठेवता येतं आणि पहिल्या पेराच्या मांसल भागाने दाबता येतं. बोटाचा उरलेला भाग कॅमेऱ्याच्या वरच्या पत्र्यावर किंवा डायलवर टेकलेला राहतो, अंगठा आणि बाकीची बोटं खालून-मागून आधार देतात. लिंबू पिळताना जसा जोर मुठीतल्या मुठीत राहतो तसंच इथे होतं. वरचा जोर आणि खालचा आधार एकमेकांना तोलतात, कॅमेऱ्याला ढकलायला फार काही उरत नाही. खरा फायदा हाच, आणि हीच सवय तुम्ही टोपीशिवायही लावून घेऊ शकता. बरेच जुने फोटोग्राफर तसंच करतात.

थोडंसं हललं तर एवढं काय बिघडतं?

हिशोब करून बघू. ५० मिमीची लेन्स, फुल फ्रेम सेन्सर, २४ मेगापिक्सेल. सेन्सर ३६ मिमी रुंद आणि आडवे ६००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा. फोटो निघत असताना कॅमेरा फक्त ०.१ अंशाने झुकला तर चित्र सेन्सरवर सुमारे ८७ मायक्रॉन सरकतं. भागाकार केला तर साधारण १४ पिक्सेल. ०.१ अंश डोळ्याला दिसतही नाही, पण १४ पिक्सेलने सरकलेली पापणी मात्र लगेच दिसते. २८ मिमीच्या लेन्सला हाच झुकाव ८ पिक्सेलवर भागतो, म्हणून वाइड लेन्सवर चुका लपतात.

पण हे सगळं शटर उघडं असताना हललं तर. १/५०० सेकंदात हात फार लांब जात नाही, तिथे टोपी असो वा नसो, फरक दिसणं अवघड. जुना अंगठेनियम सांगतो की ५० मिमीला निदान १/५०, ३५ मिमीला १/३० ठेवा. त्याच्या खाली, म्हणजे १/१५ किंवा १/८ ला, बोटाची पद्धत महत्त्वाची ठरते. रेंजफाइंडरवाले नेमके तिथेच खेळतात, कारण या कॅमेऱ्यांत डीएसएलआरसारखा वर-खाली आपटणारा आरसा नसतो. कॅमेऱ्याचा स्वतःचा धक्का कमी, म्हणजे उरलेला दोष बहुतेक हाताचा. शिवाय खऱ्या रेंजफाइंडरमध्ये मोबाईलसारखं स्टॅबिलायझेशनही नाही.

घरच्या घरी तपासा

कुणाचं मत ऐकण्यापेक्षा हा प्रयोग करा. कॅमेऱ्याच्या वर एक स्वस्त लेझर पॉइंटर टेपने घट्ट चिकटवा. रोल नसलेला कॅमेरा असेल तर उत्तम. भिंतीपासून ३ मीटरवर उभे राहा, लेझरचा ठिपका भिंतीवर पाडा आणि मित्राला मोबाईलवर २४० एफपीएसने स्लो मोशन शूट करायला सांगा. मग शटर दाबा. शटरचा आवाज व्हिडिओत येतोच, तिथून पुढच्या १६ फ्रेम म्हणजे जवळजवळ १/१५ सेकंद. तेवढ्यात ठिपका किती सरकला ते बघा. ३ मीटरवर ५ मिमी सरकला तर तो ०.१ अंश, म्हणजे वरच्या हिशोबातले १४ पिक्सेल.

टोपीसह दहा वेळा, टोपीशिवाय दहा वेळा करा. आणि तिसरा प्रकार विसरू नका: टोपीशिवाय, पण बोट आडवं ठेवून. मला विचाराल तर या तिसऱ्या प्रकाराचं उत्तर आधी बघा, मग खरेदी. लेझर कुणाच्या डोळ्यात जाणार नाही आणि कुठल्याही कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये, मोबाईलच्यासुद्धा, सरळ जाणार नाही याची काळजी घ्या.

तोटे, आणि हे जरा गंभीर आहेत

पहिला, नको तेव्हा फोटो निघणं. बटण वर आलंय म्हणजे बॅगेत, जॅकेटखाली, लोकलच्या गर्दीत ते दाबलं जाणार. फिल्म असेल तर ३६ मधली एक फ्रेम गेली, आणि आजच्या रोलच्या भावात ते झोंबतं. लायका एम६ मध्ये शटर कॉक केलेलं असेल तर अर्धवट दाबल्यावर मीटर चालू होतो, बॅटरीही खाल्ली जाते. उपाय सोपा: पुढची फ्रेम लगेच ओढून ठेवायची नाही, कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी ओढायची. लायका एम७ आणि एक्स१०० ला बटणाभोवतीच ऑन-ऑफ आहे, तो बंद करायची सवय लावा.

दुसरा, हरवणं. ही टोपी हळूहळू सैल होते आणि एक दिवस नसते. रबराची बारीक रिंग लावलेली बटणं घ्या, किंवा प्लंबर नळाला गुंडाळतो त्या पांढऱ्या टेपचा एक वेढा आट्यांवर द्या. पक्का गोंद कधीच नको. पुढे टोपी काढायची वेळ आली तर आटे तुटतील, आणि हजार रुपयांच्या वस्तूपायी लाखाचा कॅमेरा दुरुस्तीला जाईल.

तिसरा, आडवा धक्का. उंच टोपी दारावर आपटली तर तो जोर थेट शटर बटणाच्या दांड्यावर जातो. म्हणून जितकी बसकी तितकी बरी.

कुणाला बसतं, कोणतं घ्यावं

लायका एम३ पासूनच्या बहुतेक एम कॅमेऱ्यांना बसतं, अगदी डिजिटल एम११ लाही. एक्स१००, यॅशिका इलेक्ट्रो ३५ आणि कॅननेटलाही बसतं. एम३ च्या आधीच्या स्क्रू-माउंट लायकांना आणि निकॉनच्या जुन्या एस मालिकेच्या रेंजफाइंडरना थेट बसत नाही. त्यांचे आटे बटणाच्या बाहेरच्या बाजूला असतात, त्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो. भोकच नसलेल्या कॅमेऱ्यासाठी चिकटवायची बटणं मिळतात, पण ती मला तरी पटत नाहीत, कारण गरमीत गोंद सुटतो.

आकारात ८ मिमी आणि १२ मिमी असे दोन सर्रास मिळतात. जाड बोटं असतील किंवा सांधे दुखत असतील तर १२ मिमी सोयीचं. एक्स१०० वर अर्ध दाबून फोकस लॉक करायचा असतो. तिथे लहान आणि खोलगट घ्या, मोठ्या फुगीर टोपीवर तो अर्धा टप्पा नीट कळत नाही. यॅशिकाचं बटण खोलवर जातं आणि अर्ध्यावर मीटरचे दिवे लागतात. तिथे टोपीचा फरक मला सगळ्यात जास्त जाणवला, कारण एवढ्या लांब प्रवासात बोटाचं टोक कड्यात रुतत जातं. विकत घेण्याआधी आपल्या कॅमेऱ्यावर लावून बघता आलं तर सोन्याहून पिवळं. मुंबईत असाल तर फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेरा घेऊनच जा.

आणि ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांच्यासाठी: स्क्रीनवर टॅप करणं हीसुद्धा बेल दाबण्यासारखीच गोष्ट आहे. रात्री किंवा अंधाऱ्या देवळात फोटो काढताना फोन दोन्ही हातांत धरून आवाजाची कळ दाबा, किंवा ३ सेकंदांचा टायमर लावा. त्याला तर टोपीचाही खर्च नाही.