रात्री तीनला वाजणारा बीपर

भडगावला गेलं की काकांचा ठरलेला प्रश्न असतो, "भाऊ, तू कम्प्युटरवर नेमकं करतो काय?" सध्याचं माझं उत्तर आहे, राखण. दहा-वीस जण एकाच सॉफ्टवेअरचे तुकडे लिहितात. ते सगळे जोडून चालू करणं म्हणजे बिल्ड. कुणी एक ओळ जरी बदलली तरी मशीनने लगेच सगळं जोडून तपासायचं आणि मोडलं असेल तर ओरडायचं, ही व्यवस्था मी लावतो. गिरणाकाठच्या शेतात जागलीला माणूस आणि त्याचं कुत्रं असतं, तसंच.

या राखणीचा इतिहास मोठा मजेशीर आहे. सुरुवातीच्या राखणदारांपैकी एक म्हणजे 'लिंट'. बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सनने तो १९७८ च्या सुमारास लिहिला. कपड्यावरची तुसं वेचावीत तशा सी भाषेतल्या प्रोग्रॅममधल्या संशयास्पद जागा तो दाखवायचा. पण कधी? कुणी आठवणीने चालवला तर!

रोज बिल्ड करायची शिस्त गाजवली मायक्रोसॉफ्टने. १९९३ साली आलेल्या पहिल्या विंडोज एनटीत ५६ लाख ओळी होत्या, ४० हजार फायलींमध्ये. पूर्ण बिल्डला १९ तासांपर्यंत लागायचे, तरी ते रोज व्हायचं. शेवटच्या टप्प्यात प्रोग्रॅमर बीपर लावून फिरायचे. रात्री तीनला चूक सापडली तरी ज्याची त्याने निस्तरायची. स्टीव्ह मॅककॉनेलने १९९६ साली हे लिहून ठेवलंय. काही ठिकाणी म्हणे बिल्ड मोडणाऱ्याला बोकडाची शिंगं घालायला लावायचे!

मंडळी, हा शिंगांचा भाग मला बिलकूल पटत नाही. एका जुन्या कंपनीत बिल्ड मोडणाऱ्याचं नाव दारासमोरच्या स्क्रीनवर झळकायचं. नवी आलेली एक मुलगी मग धास्तीने दोन-दोन दिवस काम स्वतःच्याच मशीनवर ठेवायला लागली. म्हणजे चूक लवकर कळावी म्हणून लावलेली घंटा, आणि तिच्यामुळेच चूक उशिरा कळणार. असो.

२००१ साली थॉटवर्क्सच्या लोकांनी 'क्रूझकंट्रोल' आणलं. बदल आला की बिल्ड आपोआप सुरू. हौशी लोकांनी त्याला हिरवे-लाल लाव्हा दिवेसुद्धा जोडले. पण मला जवळचा वाटतो तो सन मायक्रोसिस्टिम्समधला कोहसुके कावागुची. त्याच्या बदलांनी बिल्ड मोडायचं आणि सहकारी वैतागायचे. मग या पठ्ठ्याने आपली चूक इतरांच्या आधी आपल्याला कळावी म्हणून 'हडसन' लिहायला घेतलं. २००५ मध्ये ते बाहेर आलं. पुढे ओरॅकलशी नावावरून वाद झाला आणि २०११ मध्ये त्याच्यातूनच 'जेन्किन्स' निघालं. आज मी तेच वापरतो.

या कहाणीत आपलं पुणंही आहे बरं का! तिथे १९८१ साली टाटांची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था सुरू झाली. प्रोग्रॅमकडूनच प्रोग्रॅम तपासून घेण्यावर तिथे बरंच काम झालं. यातली खरी डोकेदुखी म्हणजे खोटे इशारे. पानाच्या सळसळीवर भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी मध्यरात्री कोण उठणार? २०१३ मध्ये तिथल्या संशोधकांनी एक पद्धत मांडली. सारख्या इशाऱ्यांचे गट करायचे आणि प्रत्येक गटातला एक म्होरक्या आधी तपासायचा. तो निर्धोक निघाला, तर त्याच्यामागचे बाकीचे बघायचे कष्ट वाचतात.

आमच्याकडे सध्या रोजचे इशारे इतके झालेत की निम्म्या टीमने तो ग्रुप म्यूट केलाय. या आठवड्यात तेच गट पाडायला बसलोय. आणि नाव फक्त ज्याचं त्यालाच कळेल, हे मी मॅनेजरकडून आधीच कबूल करून घेतलंय.